पुण्यातील जर्मन धर्माध्यक्ष आणि वसंतकालीन ख्रिस्ती सणांची मराठी नावे

धर्मप्रसारक ज्या देशातून येतात त्या देशाच्या भाषेतील शब्द सणावारांच्या वाटेने स्थानिक भाषेत उतरतात, असा एक समज आढळतो. पोर्तुगीजमधून आलेल्या ‘नाताळ’ या शब्दाने त्या समजास पुष्टी मिळते. पुण्याचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. १८५० नंतरच्या दशकात मुंबई-पुणे मिशनची धुरा जर्मन जेझुइटांकडे आली. १८८६ साली पुणे हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला, तेव्हा बेर्नहार्ड बायडरलिंडन हे जर्मन जेझुइट त्याचे पहिले धर्माध्यक्ष झाले. १९०७ मध्ये त्यांच्या जागी हाइनरिख डोरिंग आले. १९२१ मध्ये त्यांची नेमणूक जपानातील हिरोशिमा येथे झाली. १९२७ मध्ये ते पुण्यास परतले आणि १९४८ पर्यंत पदावर राहिले. सुमारे साठ वर्षांच्या या कालखंडापैकी बहुतेक काळ पुण्याचे धर्मपीठ जर्मन भाषिकाकडे होते. असे असूनही उपवासकाळापासून पेन्टेकॉस्टपर्यंतच्या एकाही सणाचे जर्मन नाव मराठीत रुजले नाही. हे का घडले, याचा उलगडा त्या नावांच्या घडणीतूनच होतो.

प्रथम जर्मन नावांचा विचार करू. उपवासाच्या आरंभीचा बुधवार तो ‘आशरमिटवॉख’, म्हणजे राखेचा बुधवार. पुनरुत्थानापूर्वीचा रविवार तो ‘पाल्मझोनटाग’. त्यानंतरचा गुरुवार ‘ग्र्यूनडोनर्सटाग’ म्हणजे ‘हिरवा गुरुवार’. या नावाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद असले तरी त्या दिवशी हिरव्या पालेभाज्या खाण्याची चाल रूढ आहे. येशूच्या मरणाचा दिवस ‘कारफ्रायटाग’ होय. यातील ‘कार’ हा अवशेष प्राचीन उच्च जर्मनमधील ‘कारा’ म्हणजे विलाप या शब्दाचा आहे. पन्नासाव्या दिवसाचे ‘प्फिंग्स्टन’ हे नाव ग्रीक ‘पेन्तेकोस्ते’चे झिजलेले रूप आहे.

‘ओस्टर्न’ हा शब्द सर्वांत लक्षणीय आहे. युरोपातील बहुतेक भाषांनी या सणाचे नाव हिब्रू ‘पेसाख’वरून, ग्रीक-लॅटिन ‘पास्खा’च्या द्वारे घेतले. जर्मन आणि इंग्रजी या भाषांनी मात्र स्वतःचा शब्द राखला. इ.स. ७२५ मध्ये इंग्लंडातील बीड या संन्याशाने ‘एओस्त्रे’ नावाच्या देवतेशी त्याचा संबंध जोडला, आणि १८३५ मध्ये याकोब ग्रिम याने त्यावरून जर्मन ‘ओस्टारा’ देवतेची कल्पना मांडली. देवतेचा पुरावा तोकडा असला तरी पूर्व दिशा आणि पहाट यांच्या वाचक शब्दांशी या नावाचे नाते सामान्यतः मान्य आहे. त्याच मूळ धातूपासून संस्कृत ‘उषस्’ निघाला. म्हणजे मराठीने न स्वीकारलेला हा जर्मन शब्द मराठीतील ‘उषा’चा दूरचा आप्त ठरतो.

आता मराठी नावे तपासू. ‘कारफ्रायटाग’चा अनुवाद झाला असता तर मराठीत ‘विलाप-शुक्रवार’ किंवा ‘शोक-शुक्रवार’ असे नाव पडले असते. प्रत्यक्षात रूढ आहेत ती ‘उत्तम शुक्रवार’ आणि ‘शुभ शुक्रवार’ ही नावे. ती उघडच इंग्रजी ‘गुड फ्रायडे’वरून घडली आहेत. या इंग्रजी नावातील ‘गुड’चा जुना अर्थ ‘पवित्र’ असा होता; अनुवादकांनी मात्र त्याचा प्रचलित अर्थ घेतला. मरणाच्या दिवसाला ‘उत्तम’ म्हणण्याचे जे कोडे मराठी वाचकास पडते, त्याचे मूळ येथे आहे.

दुसरा पुरावा ‘वल्हांडण’ या शब्दाचा. मार्टिन लूथर याने १५२२ च्या नव्या करारात यहुद्यांच्या पास्खा सणासही ‘ओस्टर्न’ आणि त्या सणाच्या कोकरास ‘ओस्टरलाम’ म्हटले. उलट विल्यम टिंडल याने १५३० मध्ये छापलेल्या पंचग्रंथात ओलांडून जाण्याच्या अर्थाचा ‘पासओव्हर’ हा इंग्रजी शब्द योजला. मराठी बायबलातील ‘वल्हांडण सण’ हा ‘ओलांडणे’ या क्रियापदाच्या कुळातील शब्द याच इंग्रजी परंपरेला समांतर आहे. यहुदी सण आणि ख्रिस्ती सण यांना एकच नाव देण्याची लूथरची रीत मराठीने पत्करली नाही.

किनारपट्टीवरील स्थिती वेगळी आहे. गोव्याच्या कोंकणीत उपवासापूर्वीच्या मौजेच्या दिवसांना ‘इंत्रुज’, उपवासकाळाला ‘कोरेज्म’ आणि पुनरुत्थानाच्या सणाला ‘पास्क’ म्हणतात. हे तिन्ही शब्द पोर्तुगीज आहेत. तथापि तेथेही पोर्तुगीज राजवटीबरोबर देशी ग्रंथरचना चालली होती. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज होते, पण १६१६ मध्ये त्यांनी छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे. त्याची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यात सिद्ध केली.

मग जर्मन शब्द का आले नाहीत? पहिले कारण उपासनेची भाषा. जर्मन धर्माध्यक्षांच्या काळी कॅथलिक उपासना लॅटिनमध्ये होत असे. लोकभाषेला तीत मोकळी वाट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) करून दिली, आणि तोवर पुण्यातील जर्मन धर्माध्यक्षांचा काळ संपला होता. दुसरे कारण श्रोतृवर्ग. पुण्याच्या लष्कर भागात ब्रिटिश व आयरिश शिपाई, गोव्याचे कोंकणी भाषिक आणि तमिळ कुटुंबे होती. त्यांच्याशी व्यवहार इंग्रजीतून चाले, तर अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांत मराठीशिवाय गत्यंतर नव्हते. जर्मनचा उपयोग पाद्र्यांच्या आपसातील बोलण्यापुरता व पत्रव्यवहारापुरता उरला. तिसरे कारण असे की, मराठीतील ख्रिस्ती परिभाषा प्रॉटेस्टंट मिशनांच्या मुद्रित ग्रंथांनी आधीच घडवली होती. सेरामपूर मिशनचा मराठी नवा करार १८११ चा आणि अमेरिकन मिशनचा १८२६ चा. जर्मन जेझुइट आले ते त्यानंतर.

चालीरीतींचेही असेच झाले. पवित्र गुरुवारनंतर घंटा बंद ठेवून लाकडी खुळखुळा वाजवण्याची चाल जर्मनीत आहे आणि पोर्तुगालातही. ती एका देशाची नसून लॅटिन चर्चची आहे. १६८२ पासून लिखित उल्लेख सापडणारा, अंडी आणणारा जर्मन ससा पुण्यात रुजला नाही. रंगीत अंडी आली ती ‘ईस्टर एग’ या इंग्रजी नावाने. जेथे निसर्गाशी गाठ पडली तेथे मात्र दोन्ही भाषांनी एकच मार्ग धरला. जर्मनीत ताडमाड नसल्याने वाळुंजाच्या लवदार कळ्यांच्या डहाळ्या आशीर्वादित करतात आणि त्यांनाच ‘पाल्म’ म्हणतात. मराठीत तो दिवस ‘झावळ्यांचा रविवार’ झाला. झावळी म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम नारळीचीच येते.

शेजाऱ्याच्या भाषेतून सणाला नाव देण्याचे याहून जुने मराठी उदाहरण बेने इस्राएल समाजाचे आहे. त्यांनी पुरिमला ‘होळीचा सण’ म्हटले आणि पेसाखला ‘अनाशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. हिब्रू ग्रंथांशी संपर्क तुटलेला असताना घरातील भांडे आणि गावातील होळी यांनी ही नावे पुरवली.

या विवेचनावरून असे म्हणता येते की, सणाचे नाव ठरवण्यात धर्माधिकाऱ्याच्या जन्मभूमीपेक्षा उपासनेची भाषा, हाती असलेला ग्रंथ आणि शेजार यांचा वाटा मोठा असतो. मराठीतील ख्रिस्ती शब्दांचे मूळ शोधताना मिशनऱ्यांच्या राष्ट्रीयत्वावरून थेट अनुमान काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. पुनरुत्थानाच्या सणाला आजही ‘ईस्टर’, ‘पुनरुत्थान दिन’ आणि ‘पास्क’ अशी नावे वेगवेगळ्या मंडळींत चालतात. त्यांपैकी ‘ईस्टर’ला दिनदर्शिकेचा आणि ‘पुनरुत्थान’ला ग्रंथांचा आधार आहे. ‘पास्क’सारख्या शब्दांना घरगुती बोलीवाचून दुसरा आधार नाही, ती बोली बोलणारी पिढी आहे तोवर त्यांचे संकलन झाले, तरच या इतिहासाचा किनाऱ्यावरील दुवा शाबूत राहील.