गाडगेबाबांची भूमिका कोणी करावी?

१/ १९७७ साली ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक राजदत्त, चरित्रनायक वऱ्हाडचे गाडगेबाबा आणि त्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. लागू पेशाने शल्यविशारद, पुण्याच्या रंगभूमीवर घडलेले नट, आणि विचाराने निरीश्वरवादी. देव न मानणाऱ्याने कीर्तनकार संत साकारावा काय? संतपट पाहणारा प्रेक्षक आजही असेच प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरे इतिहासात शोधू या.

२/ आधी चरित्र. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. वडील लवकर गेले. बालपण आजोळी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी, गुरे राखण्यात आणि शेतीत गेले. शाळा नशिबी आली नाही. १९०५ साली त्यांनी घर सोडले. पुढची पन्नास वर्षे त्यांनी हाती खराटा घेऊन गावोगाव फिरण्यात घालवली.

३/ ‘भूमिकेला कोण शोभेल’ हा वाद मराठी चित्रपटाला नवा नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’साठी (१९३६) विष्णुपंत पागनीसांचे नाव पुढे आले, तेव्हा कंपनीतच शंका निघाली होती. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा नट तुकोबा कसा होणार? चित्रपट झळकला आणि शंका विरली. पुढे तर पागनीसांचाच चेहरा तुकोबांचा म्हणून घरोघरीच्या तसबिरींत जाऊन बसला.

४/ या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. तुकोबांचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. ती रिकामी जागा नटाने भरली. त्याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद लोकांनी तुकोबांचाच अभंग समजून स्वीकारले. चित्रपट यशस्वी झाला की तोच पुरावा मानला जाऊ लागतो. म्हणून ‘सिनेमाच तर आहे’ असे म्हणून अचूकतेचा प्रश्न उडवून लावता येत नाही.

५/ गाडगेबाबांचे तसे नाही. ते विसाव्या शतकातले. त्यांची छायाचित्रे आहेत. आचार्य अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ (१९५४) या चित्रपटात ते स्वतः पडद्यावर दिसतात. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. म्हणजे त्यांची भूमिका करणाऱ्या प्रत्येक नटाला अस्सलाशी ताडून पाहता येते.

६/ पहिली कसोटी रूपाची. डोक्यावर गाडग्याचे खापर, अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. वेशभूषाकाराला हे एका सकाळीत जमते. आपले बहुतेक वाद या वेशापाशीच थांबतात. वास्तविक ही सर्वांत सोपी कसोटी आहे.

७/ दुसरी कसोटी श्रद्धेची. बाबा विठ्ठलाचा गजर करीत. पण देवळात देव शोधायला गेले नाहीत. नवसासाठी पशुहत्या, कर्ज काढून सण, दारू, अस्पृश्यता यांवर त्यांनी आयुष्यभर कोरडे ओढले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. चमत्कारांचा त्यांना तिटकारा होता. अशा माणसाची भूमिका विवेकवादी नटाने करण्यात विसंगती कोणती? उलट, भाबड्या भक्तिभावाने त्यांच्याभोवती तेजोवलय काढणारा नट चरित्रापासून अधिक दूर जाईल.

८/ तिसरी कसोटी भाषेची, आणि माझ्या मते हीच निर्णायक. बाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे. ते विचारीत, समोरचे हजारो लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरातच लोकांना आपली चूक सापडे. हे साधत होते वऱ्हाडी बोलीमुळे. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणणारा माणूस श्रोत्यांना परका वाटत नव्हता. ही बोली पुस्तकी केली की त्या प्रश्नांचे व्याख्यान होते.

९/ हा पेच जगभर आहे. अमेरिकेतील अमिश समाज साधे कपडे घालतो, घोडागाडी वापरतो आणि छायाचित्रासाठी उभे राहणे टाळतो. त्यांच्या जीवनावरच्या ‘विटनेस’ (१९८५) या चित्रपटात एका अमिश शेतकऱ्याची भूमिका अलेक्झांडर गोदुनोव्ह या रशियन बॅले नर्तकाने केली. टोप्या आणि घोडागाड्या पडद्यावर आणता आल्या. पण अमिश लोक घरात जर्मनची एक बोली बोलतात. ती परक्याच्या जिभेवर कशी बसावी? कपडे उसने आणता येतात, बोली नाही.

१०/ मग भूमिका वऱ्हाडी नटानेच करावी काय? जन्माची अट घातली तर अभिनय ही कलाच उरत नाही. पण कान तयार करण्याची अट घालता येते. ‘देवकीनंदन गोपाला’ला तसा आधार होता. राजदत्त मूळचे विदर्भातले. चित्रपटामागे लेखन होते गो. नी. दांडेकरांचे, तेही जन्माने परतवाड्याचे आणि तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिलेले. पुढे ‘डेबू’ (२०१०) मध्ये मोहन जोशींनी हीच भूमिका केली. दोन्ही चित्रपट पाहा, आणि आधी ते ध्वनिमुद्रण ऐका. मग ठरवा.

११/ २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. आपली मूर्ती, मंदिर, स्मारक करू नये, ही त्यांची इच्छा होती. चित्रपट हीसुद्धा एक प्रकारची मूर्तीच. तिला माफी मिळायची तर एकाच कारणाने मिळेल: तो पाहून प्रेक्षक हात जोडून न बसता बाबांच्या प्रश्नाला उत्तर देऊ लागला, तर.