सेकंड हँड गाडी घेतली? लांबच्या प्रवासाला निघण्याआधी ही कामं करून घ्या

नवी असो वा जुनी, गाडी दारात आली की पेढे वाटले जातात, बंपरला लिंबू-मिरची बांधली जाते आणि लगेच गावी किंवा देवदर्शनाला जायचा बेत ठरतो. गाडी सेकंड हँड असेल तर मात्र हा बेत थोडा पुढे ढकललेला बरा.

गाडी विकायची ठरली की मालक बहुधा दिसेल अशाच गोष्टींवर खर्च करतो. पॉलिश, सीट कव्हर, ओरखड्यांवर टचिंग वगैरे. ब्रेक ऑइल, कूलंट, टायमिंग बेल्ट या गोष्टी दिसत नाहीत, त्यामुळे त्या राहून जातात. ही राहिलेली देखभाल नव्या मालकाच्या गळ्यात पडते. ती कुठून सुरू करायची आणि पैसे मोजके असतील तर आधी काय करायचं, ते समजून घेऊ.

आधी काय झालंय, हे कसं कळणार?

एक सोपा नियम लक्षात ठेवा. ज्या कामाचं बिल किंवा नोंद नाही, ते काम झालेलंच नाही असं धरायचं. "आत्ताच ऑइल बदललंय" हे विकणाऱ्याचं बोलणं म्हणजे नोंद नव्हे.

गाडीची सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत सेंटरमध्ये झाली असेल, तर त्यांच्याकडे गाडीच्या नंबरवरून जुना इतिहास मिळू शकतो. त्यात प्रत्येक वेळचं रनिंगही लिहिलेलं असतं. तीन वर्षांपूर्वी ७०,००० किलोमीटरची नोंद आहे आणि आज मीटर ५५,००० दाखवतंय, म्हणजे मीटर मागे फिरवलंय.

दुसरा आधार म्हणजे गाडीचं ओनर्स मॅन्युअल. कोणतं काम किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी करायचं, याचा तक्ता त्यात असतो. दोन्हींपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरायचं. त्यामुळे वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचंही ऑइल वेळ झाली की बदलावं लागतं.

पहिलं काम: गाडी थांबली पाहिजे

गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात, तो खरं तर वेगळ्याच प्रकारचा द्रव असतो. त्यात चुकूनही इंजिन ऑइल टाकू नये, कारण त्याने ब्रेकचे रबरी सील फुगून खराब होतात.

हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. मानकानुसार नवं डॉट ४ ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड प्रचंड तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते आणि जुनं ऑइल उकळू लागतं. त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल खाली जातं, पण ब्रेक लागत नाही.

शहरात सिग्नलला व्यवस्थित थांबणारी गाडी बोरघाटात किंवा कसाऱ्यात दगा देऊ शकते ती अशी. बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. नोंद नसेल तर ते लगेच बदला आणि त्याच वेळी पॅड, लायनर आणि ब्रेकचे पाइप तपासून घ्या. नवं ऑइल असलं तरी घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणजे टायर चांगला, असं नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला टायर. रबर उभ्या गाडीतही कडक होतं आणि त्याला बारीक चिरा पडतात. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. स्टेपनी, जॅक आणि पाना आहे का, तेही याच वेळी पाहा.

दुसरं काम: इंजिन वाचलं पाहिजे

इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर एकत्रच बदला. एअर फिल्टर उघडून पाहा. डिझेल गाडी असेल तर फ्युएल फिल्टर विसरू नका.

"आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?" म्हणत रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरणारे अनेक जण आहेत. पण कूलंट फक्त थंडीसाठी नसतं. ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि आतल्या धातूला गंजण्यापासून वाचवतं. टाकीतलं पाणी तांबूस किंवा गढूळ दिसलं, तर पूर्ण काढून नवं कूलंट भरून घ्या. इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

टायमिंग बेल्ट हा इंजिनाच्या आतल्या भागांची वेळ जुळवून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा. काही इंजिनांत त्याच्या जागी चेन असते. बेल्ट तुटण्याआधी बहुधा कोणतीही सूचना देत नाही. तो तुटला की अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे मॅन्युअलमध्ये पाहा. बेल्ट असेल आणि बदलल्याची नोंद नसेल, तर टेन्शनरसह बदलून घ्या. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल, तर तोही त्याच वेळी बदलणं परवडतं.

सीएनजी गाडी असेल तर?

सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. तपासणीची तारीख सिलिंडरजवळच्या प्लेटवर असते. मुदत संपली असेल तर आधी टेस्ट, मग गॅस.

डॅशबोर्डवरचा दिवा आणि रिकॉल

चावी फिरवल्यावर इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे क्षणभर लागून मग विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या.

कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का, तेही तपासा. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यात भारतातल्याही होत्या. उष्ण, दमट हवेत हा दोष वाढतो. रिकॉलची दुरुस्ती मोफत असते, पण जुन्या मालकाने ती करून घेतलेली नसू शकते.

काय थांबू शकतं?

एसीची कमी झालेली थंडी, पेंट, म्युझिक सिस्टिम या गोष्टी दोन-चार महिने थांबल्या तरी चालतात. सगळं एकदम बदला, असं गॅरेजने सांगितलं तर प्रत्येक कामाचं कारण विचारा आणि काढलेला जुना भाग दाखवायला सांगा.

इन्शुरन्स मात्र थांबवू नका. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत तो आपल्या नावावर करण्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तसं न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

झालेल्या प्रत्येक कामाची तारीख आणि रनिंग एका वहीत लिहा आणि बिलं त्याच वहीत ठेवा. पुढची सर्व्हिसिंग कधी, हे त्यातूनच कळेल. उद्या गाडी विकायची झाली, तर समोरच्याला दाखवायला तुमच्याकडे नोंद असेल.