एएमपी पाने आणि वाचकाची गोपनीयता

एएमपी (ॲक्सिलरेटेड मोबाइल पेजेस) : मोबाइलवर वेबपाने झटपट उघडावीत म्हणून गूगलने ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केलेला पानरचनेचा साचा. फेब्रुवारी २०१६ पासून गूगलच्या शोधात अशी पाने दिसू लागली. वृत्तपत्राने लेखाची हलकी आवृत्ती करायची, गूगलने तिची प्रत आपल्या सर्व्हरवर ठेवून शोधणाऱ्याला तीच दाखवायची, अशी ही व्यवस्था.

पालघर जिल्ह्यात सूर्यमाळ, खोडाळा, जव्हारच्या डोंगरपट्ट्यात जिथे रेंज कमी पडते, तिथे हलक्या पानाचे मोल मोठे आहे. वेगाची ही गरज खरी असल्यामुळेच तिच्या बदल्यात वाचकाकडून काय घेतले जाते, हे पाहणे आवश्यक ठरते.

कोणत्या दुव्यावर बोट ठेवले हे शोधयंत्राला एरवीही कळते. एएमपीत मात्र पानही गूगलच्याच सर्व्हरवरून येते. कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोणता लेख मागवला गेला, याची माहिती तिथे पोहोचते. या पानांवर प्रकाशक आणि गूगल दोघेही माहिती गोळा करू शकतात, असे गूगलच्याच मार्गदर्शिकेत नमूद आहे. क्षयरोग, गर्भपात किंवा वनहक्क दाव्यावरचा लेख कोण वाचतो, ही साधी माहिती नव्हे. असा दुवा व्हॉट्सॲपवर पुढे गेला की गूगलवर काहीही न शोधलेला माणूसही त्याच सर्व्हरवर येतो. पानाच्या वरच्या पट्टीतील साखळीच्या चिन्हातून मूळ पत्ता मिळतो, पण ते चिन्ह सहज लक्षात येत नाही. गूगलची बाजूही नोंदवायला हवी : पान गूगलच्या साठ्यातून आधीच उतरवले जात असल्याने, वाचकाने ते उघडेपर्यंत त्याचा शोध मूळ संकेतस्थळाला कळत नाही. हे संरक्षण खरे आहे. ते प्रकाशकापासून मिळते, गूगलपासून नाही.

२०१९ मध्ये आलेल्या ‘साइन्ड एक्सचेंज’ तंत्रामुळे क्रोम ब्राउझरमध्ये गूगलच्या साठ्यातील पानावरही वृत्तपत्राचाच पत्ता दिसू लागला. त्यामुळे वाचकाला मध्यस्थ ओळखणे आणखी अवघड झाले, असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे.

प्रकाशकांना निवड फारशी नव्हती. मोबाइलवरील ‘टॉप स्टोरीज’मध्ये ठळक जागा मिळवायची तर २०२१ पर्यंत एएमपी आवश्यक होते. डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनने भारतीय स्पर्धा आयोगाकडे गूगलविरुद्ध केलेल्या तक्रारीत हाही मुद्दा होता. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. ‘लोकसत्ता’चा इंडियन एक्स्प्रेस समूह आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’चा टाइम्स समूह या संघटनेत आहेत. तक्रारीचा भर अर्थातच जाहिरात-उत्पन्नावर होता, वाचकाच्या गोपनीयतेवर नव्हता.

गोपनीयतेचा विचार इतरत्र झाला. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. तंत्राच्या बाजूने, त्याआधीच एप्रिल २०२२ मध्ये ब्रेव्ह आणि डकडकगो या कंपन्यांनी आपल्या ब्राउझरमध्ये एएमपी दुवा टाळून थेट मूळ पानावर नेण्याची सोय केली.