कूपरेजच्या फाटकातून

१९२३
तुम्ही अपशिंग्याचे, सातारा तालुक्यातले. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान कामी आले. तुम्ही परत आलात. आता पलटण सुटली आहे, शेतीत भागत नाही, म्हणून मुंबईत चुलतभावाच्या खोलीत पथारी टाकली आहे. आज त्यानेच तुम्हाला कूपरेजच्या मैदानावर ओढून आणलंय. ‘चल, गोऱ्यांबरोबर आपल्या माणसांचा फायनल आहे.’

फुटबॉलचा रोव्हर्स कप. १८९१ साली तो पहिल्यांदा खेळला गेला, वुस्टरशायर रेजिमेंटने जिंकला आणि तेव्हापासून बहुतेक गोऱ्या पलटणींच्याच बराकीत राहिला. आजही एका बाजूला डरहॅम लाइट इन्फंट्री आहे. दुसऱ्या बाजूला मात्र कलकत्त्याचा मोहन बागान, आणि त्यांची पोरं अनवाणी. समोरून खिळ्यांचे बूट धावत येतात तेव्हा तुमचाच पाय आपोआप मागे सरकतो. बचावाला गोष्ठ पाल उभा आहे. कलकत्त्याला त्याला ‘चीनची भिंत’ म्हणतात म्हणे. तुम्ही गोऱ्या शिपायांच्या बाजूने लढलात, पण त्यांच्या अंगावर चाल करून जाणारा आपला माणूस उघड्या मैदानात कधी पाहिला नव्हता. आणि हे पाहताना सलाम ठोकायचा नाही, नुसतं ओरडायचं!

बागान ४-१ने हरतो. बाद पद्धतीत दुसरी संधी नाही. हा कप देशी संघाच्या हाती यायला १९३७ उजाडेल. बंगलोर मुस्लिम्स तो उचलतील.

१९५४
आता तुम्ही कऱ्हाडचे. दोन वर्षांपूर्वी गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून ऑलिम्पिकचं कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा शंभरावर बैलगाड्यांच्या त्या मिरवणुकीत तुमचीही गाडी होती. त्याच ऑलिम्पिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला, बरेच जण अनवाणी खेळले, हे मात्र गावात कुणी फारसं बोललं नाही.

मुंबईला भावाला भेटायला आलात आणि पाय कूपरेजकडे वळले. हैदराबाद सिटी पोलीस खेळताहेत. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. हेलसिंकीचा संघही त्यांचाच होता. मूळचे शाळामास्तर, आणि ते खेळात दिसतं. उंच लाथाडलेला चेंडू नाही. जमिनीलगत, आखूड, याच्याकडून त्याच्याकडे. नूर मोहम्मद अडवतो, उचलतो, देतो. तोवर पुढचा माणूस जागेवर पोचलेला असतो. तुमच्यातला तालमीतला माणूस मान डोलावतो: ताकद नव्हे, डाव. १९५०पासून सलग पाचव्या वर्षी कप हैदराबादला जातो.

१९५८
तुम्ही तासगावकडचे. जिल्ह्याचं नाव अजून दक्षिण सातारा. सांगली व्हायला दोन वर्षं आहेत. परळच्या गिरणीत साचेखात्यात आहात, एका गाळ्यात वीसेक माणसं, जेवण खानावळीत. पहिली पाळी सुटली की कानातली साच्यांची घरघर तशीच घेऊन ट्रामने फोर्टात उतरायचं आणि कूपरेज गाठायचं.

गर्दीत धोबीतलावचे गोवेकर आहेत, मोहमेडन स्पोर्टिंगसाठी घसा बसवणारे मुसलमान मोहल्ले आहेत, बंगाली बाबू आहेत. फुटबॉलवेडे दिलीपकुमार आलेत का, हे पाहायला निम्म्या माना मागे वळतात. तुमचा संघ कोणता? मुंबईचा म्हणून यंदा कॅलटेक्स. त्यांच्याकडे नेव्हिल डिसूझा आहे, दोन वर्षांपूर्वी मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा. कॅलटेक्स कप जिंकतं. रात्री गाळ्यात तुम्ही सामना पुन्हा खेळून दाखवता, पण तेल कंपनीचा विजय नेमका आपला कसा, हे कुणी विचारत नाही.

१९८२
१८ जानेवारी. भोंगा वाजतो, पाळीवर कुणी जात नाही. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख गिरणी कामगार संपावर आहेत. काही महिन्यांत तुम्ही पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतता. पारावर पोरांना जुने सामने सांगता: १९६२ला आंध्र पोलीस आणि ईस्ट बंगाल, १९७२ला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, निकालच लागेना म्हणून कप दोघांना. ऐकणारा म्हातारा म्हणतो, ‘म्हणजे जत्रेतल्या कुस्तीगत, बरोबरीत सोडवली.’

तुमच्यामागे मुंबईत पाया खचत जातो. संघ कोण पोसत होतं? गिरणी, रेल्वे, पोलीस, तेल कंपनी. खेळाडूला नोकरी मिळे, सामन्यासाठी रजा मिळे. गिरण्या बसल्या, कंपन्यांनी खर्च आवरले. १९९६मध्ये राष्ट्रीय लीग सुरू होते. लीगमध्ये हरलेला संघही पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात असतो. प्रायोजकाला किती सामने मिळणार हे आधीच ठाऊक असतं. बाद स्पर्धेत पाहुणा संघ पहिल्याच दिवशी सामान बांधू शकतो. क्लबांच्या वेळापत्रकात कपाला जागा उरत नाही. २०००-०१च्या हंगामात चर्चिल ब्रदर्सला हरवून मोहन बागान रोव्हर्स जिंकतो. त्यानंतर रोव्हर्स होत नाही. २०१०मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड संघही बंद होतो.

आज
तुम्ही सांगलीत आहात. लीग आली म्हणून कप मेला, असं मानायला हरकत नाही. पण मग रोव्हर्सपेक्षा तीन वर्षांनी जुना, १८८८चा ड्युरँड कप अजून कसा खेळला जातो? कारण त्याचा मालक जागेवर आहे: सैन्यदलं. आणि कोल्हापूर तर सांगलीहून तासा-दीड तासाच्या अंतरावर. शाहू स्टेडियमवर जा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. नावातच तालीम आणि मंडळ. खेळणारा पोरगा गल्लीतला, त्याला शिव्या घालणारा काका त्याच गल्लीतला. चषकांची नावं बदलतात, पुरस्कर्ते येतात-जातात, भांडणं होतात. गर्दी हटत नाही. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

कूपरेजवर तुम्ही पाऊणशे वर्षं ओरडलात ते नेहमी दुसऱ्याच्या संघासाठी: कलकत्त्याच्या, पोलिसांच्या, कंपनीच्या. मालक गेला आणि संघ गेला. प्रेक्षकाला विचारायचं कारणच नव्हतं. जत्रेतलं कुस्तीचं मैदान तसं मोडता येत नाही, कारण त्याची वर्गणी घरटी गोळा होते आणि ते भरवलं नाही तर गाव जाब विचारतं. एखादा कप जगवायचा तर सरकारकडे निधी मागण्याआधी एवढं तपासा: यंदा तो झाला नाही, तर जाब विचारायला कोण येईल? रोव्हर्ससाठी कुणीच आलं नाही.