बायसनची वाट आणि ओहायोचा उतार

नदीकाठच्या जुन्या गावाचा इतिहास सांगताना ‘हे गाव कोणी वसविले?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. अमेरिकेतील ओहायो आणि वॉबॅश या नद्यांच्या दुआबातील वसाहतींबाबत या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यास, माणसांच्याही आधी जनावरांपाशी जाऊन थांबावे लागते.

ही जनावरे म्हणजे बायसन. वसाहतकार त्यांना ‘बफेलो’ म्हणत. तथापि आपल्या म्हशीपेक्षा सह्याद्रीतील गव्याशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. इलिनॉयच्या गवताळ माळांवरून त्यांचे कळप केंटकीतील खाऱ्या झऱ्यांकडे मिठाच्या ओढीने जात. वाटेतील फ्रेंच लिक या गावाच्या नावातील ‘लिक’ म्हणजे जनावरांची खारी माती चाटण्याची जागा. पिढ्यानपिढ्या खुरांखाली तुडविली गेलेली ही वाट काही ठिकाणी १२ ते २० फूट रुंद झाली होती.

ओहायो नदी ओलांडण्यासाठी कळपांनी निवडलेला उतारही मोठा नेमका होता. आजच्या लुईव्हिल शहराजवळ चुनखडकाच्या पायऱ्यांवरून ही नदी सुमारे दोन मैलांत २६ फूट खाली उतरते. पाणी ओसरले की तेथील खडक उघडे पडत आणि पात्र उथळ होई. जनावरांना सोयीची असलेली हीच जागा नावाड्यांना मात्र अडचणीची होती. येथे नावा थांबवून माल उतरवावा लागे. अशा रीतीने खुष्कीची वाट आणि जलमार्गावरील सक्तीचा मुक्काम एकाच ठिकाणी आले. १७७८ मध्ये जॉर्ज रॉजर्स क्लार्क याच्या सैन्याबरोबर आलेली काही कुटुंबे येथील कॉर्न बेटावर उतरली. त्यांतूनच पुढे दक्षिण तीरावर लुईव्हिल उभे राहिले; १७८३ मध्ये उत्तर तीरावर क्लार्क्सव्हिल वसले.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला वॉबॅशकाठी विन्सेन्स होते. तेथे पियांकशॉ लोकांची वस्ती होती. १७३२ च्या सुमारास फ्रेंचांनी तिच्याशेजारी ठाणे बांधले. फेब्रुवारी १७७९ मध्ये क्लार्कने ते इंग्रजांकडून घेतले आणि १८०० मध्ये विन्सेन्स हे इंडियाना प्रदेशाच्या राजधानीचे ठिकाण झाले. राजधानीकडे जाण्यासाठी नवा रस्ता बांधण्याची गरज पडली नाही. टपाल, व्यापारी आणि जमीन शोधणारी कुटुंबे त्याच जुन्या वाटेने जाऊ लागली.

या वाटेचे खरे मोल १८०४ च्या तहात प्रकट झाले. गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याने त्या वर्षी ऑगस्टमध्ये डेलावेअर व पियांकशॉ जमातींकडून वाटेच्या दक्षिणेचा प्रदेश मिळविला. नागमोडी वाट ही हद्द म्हणून गैरसोयीची होती. पण संपूर्ण वाट आपल्या ताब्यात यावी, अशी सरकारची इच्छा होती. म्हणून वाटेला समांतर सरळ रेषा आखावी आणि ती वाटेच्या अगदी उत्तरेकडील वळणापासून अर्ध्या मैलापलीकडे जाऊ नये, असे तहात ठरले. जनावरांची पायवाट अशा प्रकारे दोन सत्तांमधील सीमा ठरविणारी खूण बनली.

पण तहाने वाद मिटला नाही. मूळ रहिवासी आणि वसाहतकार यांच्यातील तणाव वाढत गेला. १८१० मध्ये शॉनी नेता टेकुमसे याने विन्सेन्स येथेच हॅरिसनला बजावले की, ही भूमी सर्व जमातींची सामाईक आहे. एखाद्या जमातीस ती विकण्याचा अधिकार नाही. त्याचे म्हणणे मान्य झाले नाही. १८१६ मध्ये इंडियाना हे राज्य झाले, आणि १८३० च्या सुमारास तेथील रानांतून बायसनही नाहीसे झाले.

वाट मात्र राहिली. तिच्या काही भागांलगत आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १५० जातो. इंडियानाच्या राजमुद्रेवर कुऱ्हाडीने झाड तोडणारा वसाहतकार आणि त्याच्यासमोरून धावत सुटलेला बायसन कोरलेला आहे. ज्याच्या खुरांनी रस्ता घडविला, त्याला राज्याने निदान मुद्रेवर जागा दिली. त्या वाटेने त्यानंतर चाललेल्या आणि जिच्यासाठी टेकुमसे भांडला, ती भूमी गमावलेल्या माणसांना त्या मुद्रेवर स्थान नाही. वसाहतीचा आरंभ कोणापासून मोजायचा, हा प्रश्न म्हणूनच या उताराशी अजून उभा आहे.