हाती किती आले?



आमची नात तिसरीत आहे. परवा ती वही घेऊन आमच्यापुढे बसली. उदाहरण असे होते: १२ रुपयांस एक, अशा ३ वह्या घेतल्या व दुकानदारास ५० रुपयांची नोट दिली, तर किती रुपये परत मिळतील? तिने दिसतील तेवढ्या आकड्यांची बेरीज करून उत्तर लिहिले, ६५. आम्ही इतकेच विचारले, ‘‘बाळ, पन्नास घेऊन पासष्ट परत देणारा, आणि वर तीन वह्याही देणारा हा दुकानदार राहतो तरी कुठे?’’ ती हसली, आणि मग विचारात पडली.

वास्तविक तिला बेरीज येते, वजाबाकीही येते. घोडे अडते ते शब्दांपाशी. कोणी दिले, कोणी घेतले, हे डोळ्यांपुढे उभे राहिल्याखेरीज आकडे मुकेच असतात. पैशाच्या शाब्दिक उदाहरणांस पोरखेळ समजणाऱ्यांना त्यांचा थोडा इतिहास सांगावा, म्हणून आम्ही आज उभे आहोत.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. तिच्या आरंभीच नाण्यांचे कोष्टक आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. पुढे एका कंजुषाचे उदाहरण येते. त्याने याचकास काय दिले? द्रम्माचे अर्धे, त्याचे दोन तृतीयांश, त्याचे पाऊण, त्याचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा आणि त्याचाही चौथा! ऐकताना वाटते, केवढे हे दान! द्रम्माच्या कवड्या होतात १,२८०, आणि हिशेबाअंती याचकाच्या हाती पडते एक कवडी. आम्ही वेतनकराराच्या वाटाघाटींत बसलेली माणसे. असल्या दानशूरांशी आमचा चांगला परिचय आहे.

पण हसण्यावारी नेण्याजोगे सारेच नव्हते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरले. कापसाचे भाव बसले होते, सारा वाढला होता, ही कारणे होतीच. परंतु शेतकऱ्यांनी मागितले काय? कर्जरोखे. मिळाले तेथे ते जाळले. कर्ज ह्यांचे, अंगठा ह्यांचा. हिशेब मात्र दुसऱ्याच्या वहीत आणि दुसऱ्याच्या अक्षरात. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यान्वये न्यायाधीशास रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासता येऊ लागला. म्हणजे त्याने आधी गोष्ट विचारावयाची: मुळात हाती किती आले, आणि फेडले किती? न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही १८७५ सालीच, हे येथे सांगितलेच पाहिजे.

आमचे वडील गिरणीस लागले तेव्हा आण्यांचा हिशेब संपत आला होता. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. पावकी, निमकी, दिडकी त्यांस तोंडपाठ. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सुटा आणा मोडला तर सहाच मिळत. वडील आम्हांस विचारीत, सोळा आणे एकेक करून मोडले तर हाती ९६ च येतात, मग चार पैसे गेले कुठे? आमचे पहिले शाब्दिक उदाहरण ते.

तरीही पुढे आम्ही फसलोच. १९८२ च्या संपानंतर शाळा सुटली आणि एका कारखान्यात लागलो. तेथील मुकादमाने १,००० रुपयांच्या चिठ्ठीवर ९०० हातावर ठेवले. वर्षाने १,००० फेडावयाचे. ‘‘शेकडा दहाच’’, तो म्हणाला. आम्ही मान डोलावली. रात्रशाळेतल्या मास्तरांनी चिठ्ठी पाहिली आणि विचारले, ‘‘पण हाती किती आले?’’ नऊशेंवर शंभर म्हणजे शेकडा अकराहून अधिक. रक्कम मोठी नव्हती. झोप मात्र त्या रात्री लागली नाही.

म्हणून नातीस आम्ही उत्तर सांगितले नाही. तीन वह्या मांडल्या, तिला नोट दिली आणि गल्ल्यावर आम्ही बसलो. वह्यांचे ३६ झाले हे तिने बोटांवर मोजले, आणि हात पुढे करून १४ रुपये मागून घेतले. मग ती म्हणाली, ‘‘आता दुकान माझं, आजोबा.’’ आम्ही तीच नोट दिली, त्याच वह्या घेतल्या. तिने १२ रुपये परत केले.

‘‘आणि दोन?’’

‘‘सुटे नाहीत. गोळी घ्या.’’