विक्रांतवरचा सी हॉक

आपण टॅम्पिनीसकर विमानांच्या आवाजाला सरावलेले आहोत. पाया लेबारच्या तळावरून लढाऊ विमान उठलं की घरातलं बोलणं क्षणभर थांबतं आणि मग पुन्हा सुरू होतं. शेजारच्या चांगीची धावपट्टी ४ किलोमीटर लांब आहे. आता टॅम्पिनीस स्टेशनात उभी असलेली सहा डब्यांची एमआरटी आठवा. अशी दीड गाडी एकामागे एक लावली, की साधारण २१० मीटर होतात. भारताची पहिली विमानवाहू नौका, आय. एन. एस. विक्रांत, एवढीच लांब होती. या लांबीत, तेही हलत्या डेकवर, जेट विमानं उडायची आणि उतरायची.

ते विमान म्हणजे ब्रिटिश बनावटीचं सी हॉक. वैमानिक एक, इंजिन एक, नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. लिफ्टमधून खालच्या मजल्यावर नेता यावं म्हणून पंख वर दुमडायचे. त्याची खरी खुबी इंजिनाच्या धुरांड्यात होती. बहुतेक जेटमध्ये गरम वायू शेपटीतून बाहेर पडतात. सी हॉकमध्ये ते दोन फाट्यांनी पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना बाहेर सोडले होते. त्यामुळे शेपटीकडची जागा इंधनासाठी मोकळी राहिली. समुद्रावर परतीचा रस्ता लांब असतो. तिथे इंधन म्हणजे जीव.

उतरताना शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकवायचा. उडताना वाफेवर चालणारं कॅटापल्ट विमानाला पुढे फेकायचं. शिवाय जहाज वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वेगाने जायचं, म्हणजे पंखांना आयता वारा मिळायचा. थोडक्यात, विमानाचं निम्मं बळ जहाजाच्या बॉयलरमध्ये होतं.

म्हणूनच १९७१ ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६५ च्या युद्धात विक्रांत मुंबईत दुरुस्तीला होती; लढाईत उतरताच आलं नाही. सहा वर्षांनी पुन्हा युद्धाचे ढग जमले, तेव्हा तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला. वेग घटला, म्हणजे विमानांना मिळणारा वाराही घटला. कॅटापल्टची वाफही त्याच बॉयलरांतून यायची. सी हॉकही तोवर जुनं झालं होतं. ब्रिटिश नौदलाने आपल्या आघाडीच्या तुकड्यांतून ते केव्हाच काढलं होतं. अशा जहाजाला युद्धात न्यावं का, हा प्रश्न साधा नव्हता.

तरीही कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबरला ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या सी हॉकनी आधी कॉक्स बझार आणि मग चितगाववर हल्ला केला. नेतृत्व लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांचं. पुढचे काही दिवस धावपट्ट्या, बंदरं आणि जहाजं लक्ष्य होती, आणि पूर्व पाकिस्तानला समुद्राची वाट बंद झाली. प्रकाश आणि गुप्ता दोघांनाही महावीर चक्र मिळालं. पण रात्रंदिवस उरलेल्या बॉयलरांवर वाफ टिकवणारे इंजिनखान्यातले हात आपल्याला नावानिशी ठाऊक नाहीत. त्या प्रत्येक उड्डाणात त्यांचाही वाटा होता.

१९८३ च्या डिसेंबरात गोव्यातल्या दाबोळीला सी हॅरियर विमानं आली आणि सी हॉकचं पर्व संपलं. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती तोडली गेली. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी तिच्या डेकवर पाय ठेवला असेल. आपल्या मुलांना तो योग नाही.

मात्र सी हॉक अजून पाहता येतं. सुट्टीत मुंबईहून दाबोळीला उतरलात, तर ती धावपट्टी नौदलाचीच आहे. तिथून जवळच, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. मुलांना सी हॉकजवळ न्या आणि विचारा, "याचा धूर कुठून निघत असेल?" ती आधी शेपटीकडे पाहतील. मग त्यांना पंखांच्या मुळाशी असलेली ती दोन भोकं शोधू द्या.